कामावर असलेली मुलगी

तांडापेठ, नागपूर
ता. ११ फेब्रुवारी १९७९

चि. गोपिका हिस शालिकराम पौनीकर याचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व कुशल. उमरेडची मंडळी त्यांच्या मधुसूदनाकरिता तुला पाहावयास फाल्गुन शुद्ध पंचमीस येत आहेत. आपल्या कोष्टी घरांत मुलीने मागावर बसून तुटलेला धागा पाहुण्यांदेखत जोडून दाखवावयाचा असतो, हे तू जाणतेसच. तुझे वडील चंपतराव विचारतात की, कॉलेजने पोरीला समुद्रकाठी लष्कराच्या चांदमारीच्या वाळूवर कासवांची अंडी पाहावयास धाडले आहे, हे पाहुण्यांस कोणत्या तोंडाने सांगावे? मीही त्याच मताचा आहे. पत्र पोचताच निघावे. तुझी आजी विचारते, तिकडील जेवणात तिखट असते किंवा नाही.

तुझ्या हिताची काळजी वाहणारा,
शालिकराम

वेळशेत छावणी
ता. २० फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप आजोबांच्या चरणी गोपिकेचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मी येणार नाही. रागवा, पण कारण वाचून मग रागवा. इथे तोफांचा सराव चालतो म्हणून वाळूचे ट्रक, गुरे, कुत्री कोणी फिरकत नाही. त्यामुळेच कासवे निर्धास्त अंडी घालतात. होळीनंतर मात्र तोफा डागण्याचे नवे निशाण नेमके घरट्यांवर उभारणार आहेत. कर्नलसाहेब म्हणाले, जिवंत पिल्ले दाखव, निशाण दुसरीकडे नेतो. पिल्ले पंचमीच्याच सुमारास निघतील. आत येण्याचा परवाना माझ्या एकटीच्या नावे आहे. मी गेले तर तो रद्द होईल आणि दाखवणारे कोणी उरणार नाही.

आजीला सांगा, इथल्या आमटीत इतका गूळ असतो की मिरची पाहिली तरी घर आठवते. आणि धागा जोडणे विसरले नाही. इथल्या कोळणींची जाळी मीच सांधून देते.

रागासकट माया असू द्यावी,
गोपिका

तांडापेठ, नागपूर
ता. ५ मार्च १९७९

चि. गोपिका हिस आशीर्वाद.

मी इयत्ता चौथी उत्तीर्ण आहे. तुझे पत्र कोणाकडून वाचून घेतले नाही. प्रथम फार रागावलो. मग मागावर बसलो असता मनात आले की, ताणा लावलेला असताना घरात सोयरे आले तरी मला आजवर कोणी उठविलेले नाही.

पाहुणे आले. मुलाची आत्या यमुताई हिने सर्वांदेखत विचारले, "काहून जी, पोरगी कासवं राखून राहिली काय?"

मी म्हणालो, "होय. ती कामावर आहे. धाग्याची जोडणीच पाहावयाची असेल, तर मुलाने मागावर बसावे."

मधुसूदन खरोखरच बसला. बिचाऱ्याने एक जोडण्याच्या नादात शेजारचे पुष्कळ तोडले. तुझी आजी पदर तोंडाला लावून आत पळाली. मंडळी चहा न घेता उठली.

चंपतराव माझ्याशी बोलत नाहीत. समाजाच्या पंचांनी क्षमा मागण्यास बोलाविले आहे. मी निरोप धाडला की, क्षमा मागण्याजोगे काही घडलेले नाही, आणि मला माग सोडून येता येणार नाही.

त्यांचे वजन मोठे आहे. उद्या घरातील सर्वजण मिळून मला वाकवितील, असेही होऊ शकते. म्हणून आजच लिहून ठेवतो. तुला परत बोलाविणारे पत्र आले, ते माझ्या सहीचे असले तरीही, मानू नये. पिल्ले समुद्रात जाईपर्यंत किनारा सोडू नये.

तुझ्या पाठीशी ताठ उभा,
शालिकराम