सागवानी खोका जीवनला, घर जयाला

मी, उत्तमसिंग फकिरा आडे, वय बहात्तर, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. आज सकाळी डॉक्टरांनी तपासले. मला समजते, आठवते आणि निर्णय घेता येतो असा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. अलीकडे मला माणसांचा फार वीट येतो, हेही मी त्यांना सांगितले. तो आजारात मोडत नाही, असे ते म्हणाले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी पत्नी हंसाबाई वारली आहे. मुलगा जीवन यवतमाळला राहतो, तिथे एक युवा मंच चालवतो आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटाकडे डोळे लावून बसला आहे. मुलगी जया ढाणकीला दिली होती. नवऱ्याचे घर सोडून ती परत आली, माझ्याजवळ राहते आणि शिवणकाम करते. ती का परत आली हे ज्यांना माहीत असायला हवे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावे. मला तिसरे अपत्य नाही.

कलम २. घाटंजीतले राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. वर्तमानपत्रांची एजन्सी आणि तालुका वार्ताहराचे काम यांवर ते उभे राहिले. आमच्या बंजारा तांड्यावरच्या वडिलोपार्जित शेताचा पैसा त्यात नाही, म्हणून ते कोणाला द्यावे हे ठरवायला मी मोकळा आहे. माझ्यानंतर हे घर गच्ची, अंगण आणि अंगणातल्या कडुनिंबासह संपूर्ण मालकी हक्काने जयाचे होईल. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. जीवनला त्यात हिस्सा, खोली, कुलूप किंवा पाटी यांपैकी कशाचाही हक्क राहणार नाही. 'पाटी' हा शब्द मी विचारपूर्वक घातला आहे. त्याचे कारण पुढच्या दोन कलमांत येईल.

कलम ३. हंसाबाई गेल्यावर मी दिवसभर मोबाइलवरच्या बातम्या पाहून चिडत असे. आयुष्यभर संध्याकाळच्या आत बातमी पोचवणाऱ्या माणसाला हे बातमीशिवायचे ओरडणे सहन होत नाही. एकदा जया म्हणाली, "बापू, एखाद्या दिवशी तुम्ही त्या मोबाइलवर थुंकान. हाताले काही काम घ्या." आणि तिने शिलाईच्या पैशांतून शॉर्टवेव्ह रेडिओचे किट मागवले.

किट म्हणजे तयार रेडिओ नव्हे. सर्किटची एक छापील पट्टी, पुड्यांतले सुटे भाग, तांब्याची बारीक तार आणि इंग्रजी पुस्तिका एवढेच येते. जोडायचे आपण. जोडणी बरोबर झाली तर समुद्रापलीकडची केंद्रे कानात येतात, मधे इंटरनेट लागत नाही.

मला मोतीबिंदू आहे. त्या इवल्या भागांवरच्या रंगीत पट्ट्यांतली लाल कोणती आणि तपकिरी कोणती ते मला दिसत नाही. म्हणून मी पुस्तिका मोठ्याने वाचायचो आणि शिलाई मशीनच्या दिव्याखाली जया भाग निवडून सोल्डर करायची. कॉइल गुंडाळताना फेरे मोजायचे काम माझ्याकडे होते. "बापू, मोजून राह्यले का डुलक्या देऊन राह्यले?" ती विचारायची. मी डुलक्याच देत असे. मग ती सगळी तार उकलून पुन्हा गुंडाळायची.

रेडिओ जोडून झाला, पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात बसवला, गच्चीपासून कडुनिंबापर्यंत एरियलची तार ताणली, इयरफोन कानाला लावला. आवाज नाही. जयाने प्रत्येक जोड पुन्हा तापवला. मी पुस्तिका लिहिणाऱ्याचा उद्धार केला. शेवटी जया गच्चीवर गेली आणि तिथूनच ओरडली. शेजारच्या मानीबाईने आमच्या एरियलवर ओल्या गोधड्या वाळत घातल्या होत्या. तार वाकून तिच्या टिनाच्या छपराला टेकली होती, त्यामुळे लहर रेडिओपर्यंत यायच्या आत छपरातच जिरत होती.

"अवो मानीबाई, ते एरियल हाये!"

"मले वाटलं, नवी दोरी बांधली तुनं. म्हटलं, मस्त ताणली पोरीनं."

"उचला त्या गोधड्या."

"उचलतो व माय. वाळू दे नं जराशी."

गोधड्या निघाल्या आणि दिवे लागायच्या वेळेला एक माणूस बोलताना ऐकू आला. भाषा कोणती ते मला कळले नाही. मी इयरफोन जयाच्या कानाला लावला.

"काय म्हणून राह्यला हा?"

"मला काय माहीत."

"मंग आयकून काय फायदा?" असे ती म्हणाली, पण इयरफोन तिने परत दिला नाही. सासरहून आल्यापासून मी तिला तसे बसलेले पाहिले नव्हते. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. आम्ही मुरमुरे खाल्ले.

कलम ४. हे कलम लिहिताना मला शिसारी येते, तरी लिहितो.

रेडिओची बातमी जीवनला कळली आणि त्याच्या मंचाने माझा जाहीर सत्कार ठरवला. मंगल कार्यालय घेतले, प्रमुख पाहुणे बोलावले, चौकात फ्लेक्स लावले. फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो सर्वांत मोठा, त्याखाली जीवनचा, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा मी. माझ्या नावाआधी 'रेडिओमहर्षी' असे छापले होते. अशा सत्कारांच्या बातम्या लिहिण्यात माझी उमर गेली. शाल कोणी दिली, श्रीफळ कोणी दिले, आभार कोणी मानले, ही नावे एका ओळीत कशी कोंबायची ते मला झोपेतही येते. तेव्हाही मला त्याचा कंटाळा होता. स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर कंटाळा संपला आणि किळस सुरू झाली.

आदल्या दिवशी जीवन घरी आला. पोळ्यांचा डबा पाहून म्हणाला, "हे स्टेजवर नेता का बापू? लोक हासतीन."

मी म्हटले, हासू दे. याचा आवाज इयरफोनमध्येच येतो, आणि मंडपातल्या लायटिंगच्या खरखरीत तोही येणार नाही.

"तुम्ही कायले टेन्शन घेता? म्या बरोबर करून ठेवलं."

त्याने काय करून ठेवले ते स्टेजवर समजले. टेबलावर पॉलिश केलेला सागवानी खोका होता. पुढे जाळी, दोन पितळी बटणे. पाहुण्यांनी बटण दाबले. आतून एका बाईचा आवाज आला, "ब्लूटूथ कनेक्टेड." पाहुणे माइकवर ओरडले, "पाहा, परदेशी स्टेशन लागलं!" टाळ्या पडल्या. मग जीवनच्या मोबाइलमधले जुने सिनेमाचे गाणे वाजू लागले आणि पुन्हा टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत कॉलेजची पोरे होती. त्यांतला प्रत्येक जण रोज ब्लूटूथ वापरतो. एकही हासला नाही. सत्कारात बसलेला माणूस डोळ्यांनी पाहतो आणि हातांनी टाळ्या वाजवतो, या दोहोंचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "हा रेडिओ मी केलेला नाही. हा बाजारचा स्पीकर आहे. मी केलेला रेडिओ घरी डब्यात आहे आणि त्यात माझ्या मुलीची मदत आहे." मला वाटले, आता सभा उधळेल. पाहुण्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. "मंडळी, याला म्हणतात विनय! एवढा मोठा माणूस, पण म्हणतो मी काहीच केलं नाही. सारं श्रेय लेकीला देऊन मोकळा!" सर्वांत जोराच्या टाळ्या त्या वेळी पडल्या. मी खरे बोललो आणि त्याची खोट्याहून चांगली बातमी झाली.

जया तेव्हा मागच्या बाजूला नाश्त्याच्या प्लेटा भरत होती. ते काम तिला भावाने लावून दिले होते. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "बापू, तुमच्या भाषणाले टाळ्या भारी पडल्या. आलूबोंडे कमी पडले."

दुसऱ्या आठवड्यात जीवन मोजपट्टी घेऊन आला आणि समोरची खोली मोजू लागला. या खोलीत जयाचे मशीन असते. तिथे पाटी लावून तो 'उत्तमसिंग आडे रेडिओ स्मृती केंद्र' काढणार होता. मी खाटेवर बसून चहा पीत होतो.

"मंग मशीन कुठं ठेवू?" जयाने विचारले.

"मागं पडवीत ठेव सध्या. नाही तं असं कर, ढाणकीले सासरचं घर हायेच नं तुयं. किती दिवस बापाच्या घरी राह्यशीन?"

"भाऊ, ते पट्टी जरा खाली धर. वाकडं माप होऊन राह्यलं."

तो गेल्यावर ती मशीनवर बसली, पण पाय चालवत नव्हती. मी त्याच संध्याकाळी हे मृत्युपत्र करायचे ठरवले.

कलम ५. सागवानी खोका, त्यातला स्पीकर, चार्जर, सत्कारात मिळालेली शाल, त्याआधीच्या सर्व शाली, आणि देणाऱ्याचे नाव माझ्या नावाहून मोठे असलेली सर्व स्मृतिचिन्हे मी जीवनला देत आहे. ती माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत त्याने स्वखर्चाने घेऊन जावीत. त्यांतली एकही वस्तू जयाच्या घरात राहू नये. त्या खोक्यावर माझे नाव घालून तो कोठेही मांडू नये, ही माझी स्पष्ट मनाई आहे. मनाई तो मानणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून खोका खोटा आहे हे या दस्तात लिहून ठेवले. ज्याला शंका येईल त्याने वाचावे.

कलम ६. मी जयाच्या मदतीने बांधलेला शॉर्टवेव्ह रेडिओ पोळ्यांचा डबा, इयरफोन, एरियलची तार, सोल्डरिंग आयर्न, चिमटे आणि उरलेल्या भागांसह जयाला देत आहे.

कलम ७. तांड्यावरच्या शेतातला माझा हिस्सा जीवनला द्यावा. त्याच्या वागण्याची मला घाण वाटते, पण तो माझा मुलगा आहे आणि पराटी, म्हणजे कपाशी, लावणे हे एक काम तो खोटे न बोलता करू शकतो, कारण पराटीला भाषण समजत नाही. बँकेतली ठेव घराच्या डागडुजीसाठी जयाला द्यावी. माझ्या बातम्यांच्या कात्रणांची पोती रद्दीत घालावीत. त्यांत सत्कार फार आहेत.

कलम ८. क्रियाकर्म तांड्याच्या रीतीने, नायक सांगतील तसे करावे. श्रद्धांजलीची सभा घेऊ नये. माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. ज्याला माझ्याबद्दल बोलावेसे वाटेल त्याने चहाच्या टपरीवर बोलावे, तिथे निदान कोणी आडवे बोलते.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तांड्याचे कारभारी धरमसिंग यांनी करावी. सत्काराला निमंत्रण असूनही ते आले नव्हते. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मले सोयाबीन मोजाचं होतं." याहून चांगली शिफारस मला माहीत नाही.

कलम १०. वरची नऊ कलमे मी आज दुपारी धरमसिंग, मानीबाई आणि जया यांना वाचून दाखवली. घराचे कलम ऐकताना जया खाली पाहत होती. सहाव्या कलमाला तिने मान वर केली.

"बापू, हे पुन्हा वाचा."

मी वाचले.

"मदत कोनं केली?"

"तू."

"तुम्ही काय केलं?"

"पुस्तिका वाचली. फेरे मोजले."

"फेरे मोजले म्हने!" मानीबाई हासली.

"स्टेजवरबी तुम्ही हेच म्हणले होते," जया म्हणाली. "मी मागं प्लेटा भरता भरता आयकलं. किट म्या मागवलं, पैसे म्या देल्ले, जोडला म्या. भाऊनं खोटा खोका मांडला, अन् तुम्ही माह्या कामाले 'मदत' म्हणता. मंग माहीच वस्तू मले देऊन राह्यले तुम्ही?"

धरमसिंग म्हणाले, "उत्तमभाऊ, कायद्यानं पोरगी बरोबर हाये. जे आपलं नाही ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही."

मी जीवनबद्दल चार पाने भरून लिहिले आहे. ती पाने मी पुन्हा वाचली आणि सहावे कलमही. तिथे मला जी घाण वाटली ती मुलाची नव्हती.

म्हणून पुढीलप्रमाणे दुरुस्ती. कलम ६ संपूर्ण रद्द समजावे. पोळ्यांच्या डब्यातला शॉर्टवेव्ह रेडिओ जया उत्तमसिंग आडे हिने बांधला असून तो पहिल्यापासून तिच्या मालकीचा आहे. माझ्या मिळकतीत त्याचा समावेश नाही आणि तो कोणालाही देण्याचा मला अधिकार नाही. बांधणीच्या कामात मी तिला मदत केली. खाडाखोडीशेजारी माझी आणि साक्षीदारांची लहान सही आहे.

बाकीची कलमे कायम. हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही करत आहे, आणि त्यांनी माझ्या समोर केली आहे.

ठिकाण : घाटंजी, जि. यवतमाळ
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

मृत्युपत्र करणार :
(सही) उत्तमसिंग फकिरा आडे

साक्षीदार :
१. (सही) धरमसिंग हरलाल पवार, कारभारी
२. (सही) मानीबाई किसन ठोंबरे, शेजारी