स्वतः शिवलेला काळा पट्टा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिंपीकाम, त्यातही कराटे, जूडो वगैरेचे पोशाख शिवणे, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि चष्मा लावून असे लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या वस्तूंची वाटणी खालीलप्रमाणे व्हावी. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण या विषयावर आमच्या घरात पूर्वीपासून दुमत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मागे एकदा रागाच्या भरात मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे आणि शक्यतो वाचू नये.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या मुलास मिळावी. त्याने आणि सूनबाईंनी माझी पथ्ये आणि माझा स्वभाव दोन्ही सांभाळले. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी तीनदा दुरुस्त केली आहे. चौथ्यांदा सुताराला बोलवावे.

कलम २. तळमजल्यावरील दुकान, जाड कापडाचे मोठे शिवणयंत्र आणि इतर सर्व सामान काजे-बटणे करणाऱ्या बाईंना द्यावे. त्या माझ्याकडे सव्वीस वर्षे आहेत. यंत्राची सुई थंडीत रुसते, हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक आहे. गेली एकोणीस वर्षे बारीक हातशिलाई त्याच करतात, आणि गिऱ्हाईक मात्र माझी तारीफ करून जाते. हे इथे लिहून ठेवले म्हणजे मला बरे वाटेल.

कलम ३. बटरफ्लाय चाकू, बोथट नग तेवीस, धारदार नग चार. हे दुकानाच्या वरच्या खोलीत भिंतीवर टांगलेले आहेत आणि तिथेच राहावेत.

माझ्या मुलाला हे वेड कधी कळले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या चाकूला दोन मुठी असतात आणि मध्ये पाते. मनगट फिरवले की मुठी उघडतात, फिरतात, मिटतात, आणि टकटक असा गोड आवाज होतो. पात्याची धार ज्या मुठीकडे मिटते तिला आम्ही ‘चावरी’ म्हणायचो आणि दुसरीला ‘गुणी’. पोशाखाचे माप द्यायला आलेल्या एका ड्रमवाल्याने पहिला बोथट चाकू दुकानात आणला, माप राहिले बाजूला आणि आम्ही दोघे दुपारपर्यंत तोच फिरवत बसलो. पुढच्या रविवारी चारजण जमले, वर्षभरात वीस. एकतीस वर्षे दर रविवारी सकाळी वरची खोली भरत आली. कोणाला भोसकायचे नव्हते की घाबरवायचे नव्हते. हातात एक वस्तू नीट फिरावी, एवढाच सगळा अट्टहास.

कोण कुठून शिकून आलाय ते हात बघूनच कळे. कराटेवाला प्रत्येक वळणाच्या शेवटी झटका देऊन थांबायचा, जणू समोर वीट ठेवली आहे. जूडो मास्तर चाकूची मूठ अशी घट्ट धरायचे की ती फिरणार कशी, हा प्रश्नच होता. तलवारबाजी शिकवणाऱ्या बाई रिकामा हात पाठीमागे घेऊन ऐटीत उभ्या राहायच्या. काठी फिरवणाऱ्यांचे मनगट मात्र लोण्यासारखे. या सगळ्यांना एकच खोड होती, चाकू हातातून सुटला की झेलायला जायचे. अंगात मुरलेली सवय. हात विचारत नाही, जातो. ज्यांनी कधी मारामारीची विद्या शिकली नाही, ते पहिल्या दिवसापासून उलट शिकत. सुटला की हात वर, पाय मागे. त्या रविवारांची मला फार आठवण येते. आता चौघे-पाचजण येतात, पण येतात.

कलम ४. वरच्या खोलीतील हजेरीची वही व काचेच्या चौकटीतला, रविवारी काढून कमरेला बांधायचा काळा पट्टा.

वहीत नव्या माणसाने पहिल्या दिवशी एक रकाना भरायचा असे: ‘पूर्वी काय शिकलात?’ माझ्या नावापुढे लिहिले आहे, ‘कराटे, काळा पट्टा, अकरा वर्षे.’ ते खोटे आहे. मी एक दिवसही कुठे शिकलो नाही. मी फक्त त्यांचे पोशाख शिवले. एवढी मोठमोठी माणसे माझ्या खोलीत आपापल्या गुरूंच्या गोष्टी सांगत, आणि माझ्याकडे सांगायला काय, तर टीप आणि काज. म्हणून एका दुपारी गिऱ्हाइकाच्या उरलेल्या कापडातून मी एक पट्टा शिवला, चार ठिकाणी घासून जुना केला आणि स्वतःला बहाल केला. जूडो मास्तरांनी विचारले होते, “शिंपीदादा, तुमचे गुरू कोण हो?” मी म्हटले, “त्यांना प्रसिद्धी आवडत नसे.”

गेल्या महिन्यात मी मास्तरांना खरे सांगितले. ते म्हणाले, “अहो, एकतीस वर्षं तुम्ही त्या पट्ट्याची गाठ उलटी बांधताय. पण माझे गुडघे फुकट शिवून देत होता ना? मग मी कशाला बोलू?” गुडघे म्हणजे पोशाखाचे.

हा पट्टा माझ्यासोबत जाळू नये. कचऱ्यात टाकावा.

कलम ५. आता जे लिहायचे म्हणून हे सगळे लिहायला बसलो, ते.

माझी धाकटी बहीण, घरात सगळे तिला बारकी म्हणतात, केशकर्तनालय चालवते. दिवसभर बोटात कात्री. चाकू तिच्या हातात आला तेव्हा जणू ओळखीचा निघाला. तीन महिन्यांत ती आम्हा सर्वांच्या पुढे गेली. वहीतल्या त्या रकान्यात तिने लिहिले होते, ‘काही नाही.’ मला अभिमान वाटायला हवा होता, पोटात दुखले. मी नियम काढला की, ज्याच्या रकान्यात ‘काही नाही’ त्याने वार्षिक कार्यक्रमात धारदार चाकू घ्यायचा नाही. ती हसून म्हणाली, “बरं दादा. मी तुझा चाकू तयार करून देते.” आदल्या दिवशी तिने माझ्या चाकूचे स्क्रू आवळले, तेल घातले आणि म्हणाली, “पडला तर पडू दे रे. जमीन आहे ना झेलायला.”

कार्यक्रमात मी चाकू हवेत उडवला आणि तो चुकला. माझा हात शहाणा होता, तो आपोआप वर गेला. पण समोर दीडशे माणसे होती, पहिल्या रांगेत मास्तर होते, आणि माझ्या मनात आले की खरा लढवय्या असता तर झेलायला गेला असता. म्हणून मी वर गेलेला हात मुद्दाम खाली नेला आणि पाते पकडले. खऱ्यांची चूक सवयीने होते. मी ती ठरवून केली.

अनामिका आणि करंगळी तेव्हापासून मिटत नाहीत. त्यापेक्षा वाईट पुढे झाले. पट्टी बांधताना कोणीतरी विचारले, असे कसे झाले? मी सर्वांदेखत म्हणालो, “हिने स्क्रू सैल ठेवला.” बारकी पाणी घेऊन उभी होती. पट्टा शिवताना तिने मला डोळ्यांनी पाहिले होते. एका वाक्यात माझी लाज निघाली असती. तिने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेली. त्याला एकोणीस वर्षे झाली. लग्नकार्यात आम्ही समोरासमोर आलो की ती माझ्या मुलाशी बोलते.

स्क्रू घट्ट होता. मी त्याच संध्याकाळी तपासला होता. हे मी शपथेवर लिहितो. बारके, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला आणि तुझे रविवार तोडले. मला माफ कर.

कलम ६. दुकानावरची खोली, चटया, सत्तावीस चाकू आणि वही बारकीला मिळावी. जे चौघे-पाचजण येतात त्यांना शिकवणारे कोणी नाही. तिने घेतली नाही तर खोली मुलाने भाड्याने द्यावी आणि रविवार बंद करावा. दुसऱ्या कोणाला ती चालवता येणार नाही.

वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याला ते मिळत नाही. त्यावरून मी बारकीला चिठ्ठी पाठवली: ये आणि सगळे वाच. खोली नको असेल तर साक्षीदाराच्या जागी सही कर. मला काही म्हणायचे राहणार नाही.

पुरवणी, सह्या होण्याआधी त्याच जागी लिहिलेली. बारकी आज सकाळी आली. कामावरचा अंगरखा तसाच, खांद्यावर कोणाचे तरी केस. खिडकीशी उभी राहून तिने सगळे वाचले, पाचवे कलम दोनदा. मग म्हणाली, “एवढं सगळं लिहायची काय गरज होती?”

मी म्हटले, “होती.”

“छत अजून गळतं का?”

“कोपऱ्यात.”

तिने माझे पेन घेतले, टोपण काढले, साक्षीदाराच्या रेघेवर टेकवले. मी दुसरीकडे पाहिले. थोड्या वेळाने टोपण लावल्याचा आवाज आला आणि तिने पेन माझ्या खिशात अडकवले.

“मी सही करत नाही.”

मी म्हणालो, “बारके, तुझा राग बरोबर आहे, पण निदान...”

“अरे दादा, सही केली तर खोली जाईल ना माझी! त्या शेजारच्या घड्याळवाल्यांना बोलव वर.”

वरील मजकूर मी वाचून समजून, माझ्या हाताने, जेवढी बोटे मिटतात तेवढ्यांनी लिहिला आहे.

स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: या महिन्याची नऊ, मंगळवार

लिहून ठेवणार: (सही) शिंपी
साक्षीदार पहिला: (सही) जूडो मास्तर
साक्षीदार दुसरा: (सही) घड्याळे दुरुस्त करणारे, ऐनवेळी बोलावलेले