न दिलेली गोळी

फाल्तिचेनी, १२ ऑक्टोबर

प्रिय वेतू,

तुझी तब्येत बरी असेल. माझी आता बरी आहे. सफरचंदं उतरवून झाली, थंडी यंदा लवकर आलीय, कुत्री व्याली. माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधीच सांगते, कुणाचं काही वाईट झालेलं नाही.

सफरचंदं उतरवतानाच छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी गाडीत घालून इस्पितळात नेलं. झटका लहान होता, निभावलं. तुला कळवलं नाही. का नाही, ते तुला ठाऊक आहे.

शेजारच्या खाटेवर पारास्किवा नावाची खेड्यातली बाई होती, भारी बडबडी. तिलाही झटका येऊन गेलेला, आणि ठोके मधूनच चुकायचे. डॉक्टर आली की ही मागे लागायची, "बाळा, माझ्या भावाला ठोके सरळ करायची गोळी देत होते. मला का नाही? गरिबाला स्वस्तातलं होय?"

डॉक्टर स्मारांदा पोरसवदाच आहे. हसली. "मावशी, ती गोळी ठोके सरळ करायची आणि माणूस न्यायची. झटका आलेल्यांना आता ती कुणी देत नाही."

"कोण म्हणतं असं?"

"क्लुज शहरातल्या डॉक्टर वेतुरिया मोरारू."

वेतू, मी उशीत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरला विचारलं, या बाईंनी असं केलं तरी काय? तिने खुर्ची ओढली, फोनवर तुझा लेख काढला. "त्या काळी आमचे सगळे गुरुजी हीच गोळी लिहून द्यायचे. यांनी निम्म्या रोग्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना बिनऔषधाची. खरी घेणारेच जास्त गेले. मोठमोठे लोक चिडले, एवढ्यात छापू नका म्हणाले. यांनी छापलं." मग जगभरात ज्यांनी ज्यांनी आपल्या लेखात तुझ्या लेखाचा आधार घेतला, त्यांची नावं ती बोटाने वर सरकवू लागली. जपान, ब्राझील, इजिप्त. नावं काही संपेनात. चर्चच्या घुमटाकडे बघता बघता पायाखालची फरशी विसरायला होतं ना, तसं झालं मला. आमची वेतू! जिचा शेंबूड मी पुसला!

"त्या रोग्यांची नावं कुठे आहेत यात?" मी विचारलं.

"नावं नसतात, मावशी. नुसते आकडे."

"त्या आकड्यांत माझा नवरा आहे."

एवढ्या वर्षांत हे मी कुणापुढे बोलले नव्हते. झटक्यातून उठल्यावर तोआदेर स्वतःच सुचावाच्या इस्पितळात जाऊन तुझ्या गोळीच्या चाचणीत नाव घालून आला. "मेहुणीचं काम आहे, घरचं माणूस नको का? तिला मात्र सांगू नकोस, नको म्हणेल." खरी गोळी त्याच्या वाट्याला आली होती, हे नंतर तूच येऊन सांगितलंस. लपवता आलं असतं तुला. मी दारातूनच परत पाठवलं. मला वाटायचं, माणूस माझा गेला आणि नाव तुझं झालं.

स्मारांदा उठून उभी राहिली. "मावशी, मी डॉक्टर झाल्यापासून ती गोळी अशा रोग्याला एकदाही दिली नाही. ते त्यांच्यामुळे."

पारास्किवाने छातीवर क्रूसाची खूण केली. "देव त्याला क्षमा करो," असं गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसं म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली. "म्हणजे माझा भाऊपण त्या गोळीनेच गेला असेल का गं?" स्मारांदा तिच्या खाटेवर जाऊन बसली.

शुक्रवारी ती घरी गेली. स्वतःच्या पायांनी, गाडी एवढी लांब का लावली म्हणून जावयावर ओरडत. मी खिडकीतून बघत होते. तशी किती माणसं चालत असतील, वेतू? जपानात, ब्राझीलमध्ये? स्वयंपाक करत असतील, भांडत असतील, आणि आपल्यावरून काय टळलं ते त्यांच्या गावीही नसेल. त्यांची मोजदाद तुलाही करता यायची नाही. माझं डोकं तिथे थांबतं. त्या सगळ्यांमागे तू उभी आहेस. आणि तोआदेर.

दुःख गेलेलं नाही. जेवताना समोरची खुर्ची रिकामीच असते. पण राग शोधायला गेले तर सापडत नाही.

इस्पितळातून निघताना नर्सने विचारलं, काही झालं तर कळवायचं कुणाला? मी तुझं नाव सांगितलं. तिने वर बघितलं. "त्याच का?"

"त्याच. माझी धाकटी."

इस्पितळाचा फोन यायची वाट बघू नकोस. त्याआधी ये.

तोआदेरची बायको आणि तुझी ताई,
अग्लाया