अकरा नंबरची बरणी

प्रिय लेकी, इंदाय नोव्ही,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. माझे धनी, तुझे ताताय, पहाटेच होडी घेऊन गेलेत, डुकरिणीला सात पिल्लं झाली आणि माझं बीपी बुधवारी नर्सबाईंनी मोजलं, ते नेहमीइतकंच वाईट आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "नानाय, जेवलीस का?" असं विचारतेस आणि पुढचं सगळं माझ्या डोक्यातून निघून जातं. शिवाय माझी जीभ कशी आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. अडचणीत आली की ती आपोआप खोटं बोलते. हाताला अजून ती सवय लागलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी शुक्रवारबद्दल सांगते, कारण तेव्हा तुझ्याशी धड बोलताच आलं नाही. तुझ्या कॉलेजातला संशोधनाचा नि कलेचा दिवस म्हणजे मला वाटलं, दोन भाषणं, एक प्रार्थना आणि सरबत. म्हणून तर तुझ्या काकाला, तियो आंदोयला, म्हटलं होतं, "दुपारच्या जीपनी गाडीने परत येऊ." तिथे बघते तर सगळा हॉल फुललेला! कॉफीच्या रिकाम्या पुड्या शिवून कुणी लग्नाचा झगा केलेला, कुणी उसाच्या चिपाडाच्या कागदावर आपल्या बापाचं चित्र काढलेलं. तियो तर त्या कोंबड्यांना आपोआप दाणे टाकणाऱ्या यंत्रापासून हलेना. त्या पोराला म्हणाला, "बाळा, असं एखादं माझ्या बायकोसाठी कर. मला उठवत जाईल." मुलं हसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगू, मलाही मजा वाटत होती. मी केळीच्या पानातले चिकट भाताचे चाळीस सुमान वाफवून आणले होते. परीक्षकांना द्यायला म्हणून आणले आणि निम्मे त्या झगेवालीच्या मैत्रिणींनीच संपवले. "आंटी, तुम्ही कुणाच्या?" असं प्रत्येकजण विचारत होता. मी म्हणायचे, "गिनामोसवाल्या नोव्हेलिनची." ते म्हणायचे, "अच्छा, त्या वासाच्या!" एरवी मला राग आला असता.

मग मी तुझा तक्ता वाचला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तियोने मोठ्याने वाचून दाखवला. जवळा मिठात आंबवून केलेल्या गिनामोसात कमीत कमी किती मीठ चालेल, हे तू शोधत होतीस, एवढं मला माहीत होतं. का, ते मात्र तू कधी बोलली नव्हतीस. तिथे लिहिलं होतं, "आमच्या घरी एक बाई आहे. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय, पण गिनामोसाशिवाय तिला घास गिळवत नाही. तिला घास सोडायला लावण्यापेक्षा गिनामोस बदलता येईल का?" तियो वाचता वाचता थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ही बाई ओळखीची वाटते." मी त्याला कोपर मारलं. पोरी, चार वर्षं तू शहरात राहिलीस, मला वाटायचं तुला आता आपल्या घराचा वास नकोसा झाला असेल. आणि तू माझ्याच ताटात काय पडतं त्याचा विचार करत बसली होतीस. ते ऐकून माझं जे झालं ते मी तिथे कुणाला दिसू दिलं नाही. इथे लिहिते, मला रडू आलं.

आणि त्याच तक्त्यावर खाली त्या तीन बरण्यांच्या नंबरांवर लाल फुली होती.

फेब्रुवारीत तू त्या बारा बरण्या घरी आणून मांडल्यास, कारण तुझ्या खोलीच्या मालकिणीने नाकाला रुमाल लावून "हे इथे नाही" म्हणून सांगितलं होतं. प्रत्येक झाकणावर तुझ्या सहीची कागदी पट्टी. एक ते नऊमध्ये मीठ बऱ्यापैकी. दहा, अकरा, बारामध्ये शंभर भाग जवळ्याला फक्त दहा भाग. मी म्हटलं होतं, "तीन ओंजळी जवळ्याला एक ओंजळ मीठ, हे माझ्या सासूने शिकवलंय." तू म्हणालीस, "नानाय, तुझ्या सासूबाई साठीच्या आत गेल्या. हात लावू नकोस." मग ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारानंतर तू आलीस तेव्हा त्या तिन्ही झाकणांवर मुंग्यांची रांग. पट्ट्यांवर शिजलेल्या भाताची खळ, कुणी फाडून परत चिकटवल्यासारखी. तू मला विचारलंस. मी म्हटलं, "मला काय माहीत? तियोला विचार, दारूबरोबर चाखायला त्याला नेहमी काहीतरी लागतं." तीन शनिवार तू त्याच्याशी बोलली नाहीस. तो बिचारा मला विचारत होता, "वहिनी, माझं काय चुकलं?" आणि मी त्याच्या ताटात मासा वाढत होते.

शुक्रवारी ते जाड भिंगांचे परीक्षक त्या लाल फुलीवर बोट ठेवून म्हणाले, "मुख्य उत्तर तर याच तीन बरण्यांत होतं. कुणी उघडल्या?" माझ्या हातात सुमानची परात होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला वाटलं आता सगळा हॉल माझ्याकडेच वळून बघणार. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "चूक माझी आहे, सर. बरण्यांवर पट्ट्या लावल्या, पण ज्यांच्या घरात ठेवल्या त्यांना मी काय करतेय ते नीट सांगितलं नाही. जन्मभर जे गिनामोस करतात, त्यांच्यासमोर तो बिघडताना ठेवला तर ते गप्प बसणार नाहीत, हे मला कळायला हवं होतं." तियोवरचा तुझा संशय केव्हाच मिटला होता तर! मग तुझ्या मार्गदर्शक मागबानुआ मॅडम तुला बाजूला घेऊन बोलल्या, तेही मी ऐकलं. "एक जरी बरणी शाबूत असती तरी मी तुला अडवलं नसतं. आता पुढच्या हंगामात पुन्हा कर. पदवी तेव्हाच."  परत आलीस, माझी परात हातात घेतलीस आणि म्हणालीस, "नानाय, दमली असशील, बस." जीपनी सुटेपर्यंत तू माझा हात धरला होतास, आणि मी तुला कोंबड्यांच्या यंत्राबद्दल सांगत राहिले.

तर आता ऐक. मीच केलं. झावळ्यांच्या रविवाराच्या आदल्या संध्याकाळी मी बरण्या झटकायला गेले. बारा नंबरच्या काठाशी मला आंबूस वास आला. आपल्या घरातला गिनामोस बिघडलेला तुझ्या मॅडमनी हुंगला, तर म्हणतील हिच्या आईने हिला एवढंही शिकवलं नाही, हे डोक्यात आलं. तुझी काळजी म्हणून केलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण आधी मला माझ्या नाकाची काळजी वाटली. तुझी नंतर. तू ज्या बाईसाठी मीठ कमी करत होतीस, तिनेच ते ओतलं. आणि एवढं होऊन तू मला भर हॉलात झाकलंस. माझ्या आईनेही माझ्यासाठी एवढं केलं नसतं. तुला जन्म मी दिला हे लोक मानतात. मला काल रात्री अंथरुणात वाटत होतं की मलाच तुझ्या पदरी टाकलंय देवाने. त्याचे उपकार मी मानते, आणि तुझेही.

पण हे सगळं मी केवळ माफी मागायला लिहीत नाहीये. शुक्रवारी तू त्या तिन्ही बरण्या "फेकून दे" म्हणून माझ्याबरोबर परत दिल्यास. मी फेकलेल्या नाहीत. नीट वाच: बारा नंबरमध्ये मी लाकडी डावाने दोन डाव मीठ घातलं, दहामध्ये दीड. तेवढ्यात डब्यातलं मीठ संपलं. पोतं तियोच्या पडवीत होतं आणि मागायला गेले असते तर त्याने कारण विचारलं असतं. म्हणून अकरा नंबर तशीच राहिली. तिचं झाकण मी उघडलंच नाही. फक्त तिन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून तिच्याही पट्टीवर वरून भाताची खळ फासली. मूर्खपणा बघ! माझा शब्द धरू नकोस, मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले आहे. ओल्या फडक्याने खळ पुसून बघ, खाली तुझी पट्टी अख्खी आहे, सहीवर चीर नाही. काल मी उन्हात धरून बघितली. आतला गिनामोस गुलाबी आहे, बुरशीचा ठिपका नाही, आणि झाकणाशी नाक नेलं तर वासही चांगला येतो. हे मी, माझ्या सासूची सून, लिहून देते. तियोला आज सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि म्हणाला, "मीच नेऊन देतो, पण जाताना दोन सुमान बांध." तो उद्या पहिल्या जीपनीने येतोय, हे पत्र खिशात आणि बरणी मांडीवर घेऊन. तू एकटीने उघडू नकोस. मागबानुआ मॅडमच्या समोर ठेव, त्यांनाच पट्टी तपासू दे, आणि बाकी दोन्हींवर खळ कुणी लावली असं त्यांनी विचारलं, तर या वेळी माझं नाव सांग.

तुझीच, तुझा अभिमान बाळगणारी,
नानाय