खालचा आवाज

सोमवार, ३ फेब्रुवारी
भूमला पोचलो. एसटीतून उतरतो तोच स्टुडिओचे मालक वीरप्पा हार घेऊन हजर! क्षणभर वाटलं, आपण मोठे गवईच. स्टुडिओ खताच्या दुकानावर आहे. भिंतींना गाद्या ठोकल्यात, माइक मात्र एक नंबर. लातूरला शिकवण्या घेऊन घसा झिजवण्यापेक्षा हे बरं. गिऱ्हाइकांची गाणी करायची आणि रिकाम्या वेळी माझी स्वतःची रेकॉर्ड करायची, असं ठरलंय. चहापाणी बघायला बिभीषणकाका आहेत. मुके आहेत, पण हसतात छान. संध्याकाळी घरी बायकोला, दीपालीला फोन लावून आरोहीला अंगाई ऐकवली. लेक चार वर्षांची झाली, तरी बापाच्या आवाजाशिवाय डोळे मिटत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
पहिलं गिऱ्हाईक, शेजारच्या ईट गावचे पुढारी आण्णासाहेब, त्यांचे चिरंजीव युवराजदादा. वाढदिवसाचं गाणं, शब्दही त्यांचेच: 'ईटचा वाघ, डोळ्यात आग, नादी लागला तर माग माग माग.' काय मागायचं, ते त्यांनाही ठाऊक नाही. सुराचं विचारूच नका. मशीननं सूर सरळ केला तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दिवसभर डोकं फोडलं. शेवटी वीरप्पा म्हणाले, "सर, वर दादाचा ठिवा, खाली तुमचा आवाज टाका. आमी समद्यांचं असंच करतो." त्याला इथं खालचा आवाज म्हणतात. म्हणजे गायचं मी आणि मिरवायचं यांनी. चीड आली, तरी गायलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
गाणं तुफान चाललंय. स्टँडवर, रसवंतीवर, ट्रॅक्टरवर, जिकडं तिकडं 'माग माग'. कपाळ माझं! एवढ्या वर्षांच्या रियाजाचं हे चीज. आता एक सरपंच, एक नवरदेव आणि एक प्लॉटवाले रांगेत आहेत. सगळ्यांना खालचा आवाज पाहिजे. दुपारी जरा उसंत मिळाली म्हणून माझं गाणं घ्यायला बसलो, तर साधा षड्ज लागेना. थंडी बाधली असेल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
डॉक्टरांनी घसा बघितला. काही नाही म्हणाले. मग हे काय आहे? माझं आजचं रेकॉर्डिंग आणि युवराजदादांचं, दोन्ही शेजारी लावून ऐकली. तोच नाकातला हेल, वरच्या सुरावर तीच घसरगुंडी. त्यांचा बेसूर माझ्या गळ्यात उतरलाय. आणि दादा आज पेढे घेऊन आले ते जिना चढताना गुणगुणत होते. चक्क सुरात! माइक नाही, मशीन नाही. गुरुजींनी मला रागावून रागावून शिकवलेली हरकत त्यांनी सहज घेतली. पाया पडावं की गचांडी धरावी, कळेना.
संध्याकाळी अंगाई ऐकून आरोही घाबरून रडली. हा बाबा नाही म्हणाली.

बुधवार, १९ फेब्रुवारी
जुन्या हार्ड डिस्कवर बिभीषणकाकांची गाणी सापडली. काय गळा होता! वीरप्पांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "व्हय, आधी तेच गायचे की खाली. लई गोड. मग संपला आवाज." बोअरचं पाणी आटल्याचं सांगावं, तसं. मी भांडलो. यापुढं गाणार नाही म्हणालो. त्यावर म्हणे, "नका गाऊ. पर निघालेली गाणी वाजणारच. जितक्यांदा वाजंल तितकं जाणार, आपल्या हातात काय हाय?"
हातात काय आहे! माणसानं डोकं आपटावं कुठं?

शनिवार, २२ फेब्रुवारी
स्टुडिओतली सगळी गाणी पुसली. उपयोग शून्य. गावोगावच्या फोनांत आहेत ती. रसवंतीवाल्याच्या पाया पडलो, बंद करा म्हणून. तोंडातून नुसतं 'माग माग' — सगळे हसले. बिभीषणकाकांनी हात धरून मला वर आणलं. ते रडत होते.

सोमवार, २४ फेब्रुवारी
आवाज गेला. तोंड उघडलं की नुसती हवा —
दीपालीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, बरं वाटेपर्यंत फोन नका करू. आरोहीची काळजी नको. ती आता युवराजदादाचं गाणं लावून झोपते. त्यात बाबा आहे म्हणते.
बंद कर म्हणून लिहिलं. पुन्हा लिहिलं. ती म्हणते, बंद केलं की रडते —

बुधवार, २६ फेब्रुवारी
लातूरची बस अजून लागली नाही. दीपालीचा व्हिडिओ कॉल. फोन समोर. आरोही दुपारची पडलीय, दुसरा फोन कानाशी. माग माग माग —

गाणं थांबलं. अंगाई. माझी. ती कधीच रेकॉर्ड केली नव्हती मी —

आरोही त्याला विचारतेय, बाबा, कधी येणार? तो म्हणतो, आलोच, बाळा. आईला म्हण दार उघड.

बेल वाजली. दाराबाहेरून तोच आवाज. दीपाली हसतेय. म्हणते, किती छान झाला हो आवाज —

ओरडतोय. हवा. फोनवर हात आपटतोय. हेच पान कॅमेऱ्यापुढं धरतो, मोठ्या अक्षरांत —

दीपाली तो मी नाही
दीपाली इकडं बघ
दार उघडू न