दाराची चांगली बाजू

बाबा, तुम्ही केलेल्या दाराला मी करवत लावली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे कपाळाला आठ्या घालून का होईना, पुढचं सगळं बसून ऐकाल. मागच्या खोलीचं सागवानी दार, तुमच्या आणि आईच्या खोलीचं. आता तिथं आई एकटी असते. आणि करवत म्हणजे तुमची हातकरवत नव्हे, तर विजेवर चालणारी गोल करवत, जिला बाजारात सगळे कटर म्हणतात आणि तुम्ही 'बोंबलणारी' म्हणायचात. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या तुमच्या शेडमध्ये ती कधी आली नाही. तुम्ही गेल्यावर शेडच राहिली नाही, तेव्हा तो प्रश्न आपोआप मिटला. पण घरात मात्र ती आली, आणि आणणारी मी, तुमची संस्कृतवाली लेक.

झालं असं की घराला टाइल्स लावल्या. जुन्या फरशीला ओल यायची, आई घसरेल अशी भीती वाटायची, म्हणून मीच लावून घेतल्या. फरशी न उखडता वरूनच बसवल्या, तशी जमीन बोटभर वर आली, आणि घरातली सगळी दारं एका दिवसात अडून बसली. मिस्त्री मोठा उत्साही होता. दारं काढली, टाइल कापायची चकती त्याच्या मशीनवर होतीच, तीच लाकडाला लावली. दगडाची चकती लाकूड कापत नाही, जाळते. हॉलचं दार खालून काळं पडलं आणि घुशीनं कुरतडल्यासारखी त्याची कड झाली. स्वयंपाकघराचंही तेच. मग तो मागच्या खोलीकडे वळला, तर आई काठी आडवी धरून दारात उभी. हे आमच्या मालकानं केलेलं दार आहे, याला गोट्याची चकती लागणार नाही, असं तिनं त्याला बजावलं. तो समजुतीनं म्हणाला, "मंग आजी, फायबरचं बसवून टाका ना. पान्यानं फुगत नाई, काई नाई." आई म्हणाली, "मीबी फुगत नाई पान्यानं. म्हनून काय दाराच्या जागी मलेच उभी करतं?" मिस्त्री दुपारी जेवायला गेला तो त्या दाराकडे परत फिरकला नाही.

त्यामुळे ते दार तसंच राहिलं, खाली घासत. आतून उघडायचं तर कडीला धरून थोडं वर उचलायचं आणि मग ढकलायचं. तुम्हाला हे ऐकून हसू येईल, पण खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला ते जमत नाही. एका हातात काठी असते. दार रात्री उघडं ठेव म्हटलं तर उघड्या दारात झोप येत नाही म्हणते. तुम्ही होतात तेव्हाही लावूनच झोपायचो, आता काय नवीन, असा तिचा बिनतोड मुद्दा. म्हणजे सकाळी तिला बाहेर यायचं तर मी जायला हवं. पहाटे तिची हाक येते, "दार, वं बाई." मी उठते, बाहेरून दार उचलते, ओढते, आणि ती स्वतःच्याच खोलीतून कुणी सोडवल्यासारखी बाहेर येते. दादानं पुण्याहून फोनवर फायबरचाच सल्ला दिला. आईनं त्याला त्याच्या घराची दारं कशी आहेत ते विचारलं आणि विषय बदलला.

गावात सुतार नाहीत असं नाही. पण त्यांचं काम आता प्लायचं, वरून सनमायका चिकटवायचा. कड उडाली तर पट्टी लावून झाकता येते. तुमच्या दाराला झाकायला काही नाही, जे आहे ते लाकूडच. आई म्हणाली, तू काप, तू त्यांच्या हाताखाली होतीस. हाताखाली म्हणजे काय, तर सुट्ट्यांमध्ये फळीचं दुसरं टोक धरून उभी राहायची मी. तेवढ्या पात्रतेवर तिनं मला तुमच्या गादीवर बसवलं. शेडमधली ती उन्हाळ्याची दुपार मला अजून दिसते. मी यवतमाळच्या कॉलेजातून आलेली, नव्या विद्येनं फुगलेली. तुम्ही कानशीनं करवतीचे दात घासताय आणि विचारताय की तुझ्या संस्कृतात हिला काय म्हणतात. मी म्हणते, करपत्र, आणि त्यावर थोडं व्याख्यानही देते. तुम्ही सगळं ऐकून घेता, दातावरून अंगठा फिरवता आणि म्हणता, "अन् त्या लोकायच्या करपत्राले धार कोन लावून देत होतं?" मी आजवर शोधते आहे बाबा. कोणत्याही टीकाकारानं त्याची दखल घेतलेली दिसत नाही.

तर ब्लेड. तुम्ही ज्यांच्याकडून खिळे-बिजागऱ्या घ्यायचात त्यांचा मुलगा आता दुकानावर बसतो. त्याचेही केस पांढरे झालेत. त्याची मुलं माझ्याकडे शिकली, म्हणून तो मला मॅडम म्हणतो आणि माझ्या अज्ञानाकडे आदरानं पाहतो. मशीन तो देणार होता, ब्लेड मी निवडायचं. त्यानं काउंटरवर तीन ठेवली, चोवीस दातांचं, चाळीसचं आणि साठचं. "चोवीसवालं न्या मॅडम, सर्राट जाते," हा त्याचा पूर्वपक्ष. मी म्हटलं, सर्राट जायला नको आहे, निमूट जायला हवं आहे. दात कमी असले की दोन दातांमधली जागा मोठी, घास मोठा, भुसा भराभर बाहेर पडतो. लाकडाच्या रेषांबरोबर उभं चिरायचं तर ते उत्तम. पण रेषा आडव्या तोडायला गेलं की मोठा घास तंतू कापायच्या ऐवजी उपटतो. दात पुष्कळ असले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडंसंच येतं, काप गुळगुळीत निघतो, मात्र हात सावकाश चालवावा लागतो, आणि फारच सावकाश चालवला तर लाकूड करपतं. आता दाराचं खालचं टोक म्हणजे मोठी गंमत. मधली आडवी पट्टी रेषांबरोबर कापायची, आणि दोन्ही बाजूंचे उभे खांब आडवे, एकाच दमात, एकाच ब्लेडनं. दोन कर्त्यांना एकच क्रियापद. मी ठरवलं की ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याच्या बाजूनं निकाल द्यायचा. मधली पट्टी कशीही कापली जाईल. उडणार ती खांबांची कड. म्हणून साठ दातांचं.

ते हातात घेऊन पाहिलं तर प्रत्येक दाताच्या टोकाला पोलादाहून कठीण अशा कार्बाइडचा चिमुकला तुकडा बसवलेला, आणि टोकांचा उतार एक डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे. पातळ सुऱ्या ओळीनं उभ्या कराव्यात तसे. आधी दोन्ही कडा चिरायच्या, मग मधलं काढायचं. तुम्हीही करवतीचे दात असेच आलटून पालटून दोन्हीकडे झुकवायचात, एक डोळा मिटून. कुठल्या तरी कारखान्यात तुमची सवय कुणी तरी लोखंडात उतरवली होती. मी दुकानात उभी राहून त्या ब्लेडकडे इतका वेळ पाहत राहिले की दुकानदारानं खुर्ची मागवली. मग मधलं भोक मशीनच्या दांड्यावर बसतं का ते पाहिलं, मशीनचा वेग ब्लेडला झेपणारा आहे का ते त्यावरच्या आकड्यांवरून ताडून घेतलं, आणि ब्लेड घरी आणलं, सोबत मशीनही, नमुना कापून परत द्यायच्या बोलीवर.

खरं भांडण यानंतर झालं. तुमच्या वेळचा सागवानाचा एक तुकडा आईच्या पलंगाखाली होता, तो मी आधी कापून पाहिला. कसा ठेवला? तुम्ही शिकवलात तसा, चांगली बाजू वर. एकदा एका कपाटाची फळी मी पालथी ठेवली होती आणि तुम्ही अर्धी फळी कापून झाल्यावर थांबलात. ओरडला नाहीत. फळी उलटी केलीत, खालून निघालेली ढलपी माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, "माय, लाकडालेबी तोंड असते. तोंड वर ठेवत जाय." तेव्हापासून मी पोळीसुद्धा तोंड बघून तव्यावर टाकते. तर तसाच ठेवला, कापला, आणि साठ दातांच्या त्या गुणी ब्लेडनं वरची कड बारीक बारीक उडवून दिली. खालची मात्र काचेसारखी. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. मग मशीन बंद करून ब्लेड हातानं फिरवून पाहिलं आणि उलगडा झाला. तुमची हातकरवत वरून खाली जाताना चावायची, म्हणून खालची बाजू फाटायची. या गोल करवतीचे दात खालून वर येत लाकूड कापतात, म्हणून वरची फाटते. तुमचं चुकलं नव्हतं. ही बाईच शीर्षासनात आहे. हिच्यासाठी लाकडाचं तोंड खाली हवं.

आईला हे सांगितलं तर तिनं साफ उडवून लावलं. ते जन्मभर वर ठेवत आले आणि तू खाली ठेवणार? मी दोन्ही तुकडे तिच्या हातात दिले. तिला आता बारीक दिसत नाही, पण बोटं शाबूत आहेत. दोन्ही कडांवरून तिनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाली, "बरं झालं हे मशीन त्यायनं पाह्यलं नाई. या वयात उलटं शिकनं झालं नसतं त्यायले." तुमच्या वतीनं मी निषेध नोंदवला. तिनं फेटाळला.

मी समजत होते की वाद मिटला. दाराची चांगली बाजू म्हणजे हॉलकडची, हे उघडच होतं. तिच्यावर तुम्ही रंध्यानं गोल रेघा काढल्यात, पॉलिश तिला, येणारे-जाणारे वाखाणतात ते तिलाच. आतली बाजू सपाट, साधी. तेव्हा हॉलची बाजू खाली ठेवते, असं मी आईला सहज म्हटलं. ती पलंगावर बसली होती. म्हणाली, "नाई. माही बाजू खाली ठेव." मी पुन्हा समजावायला लागले की लोकांना दिसणारी बाजू खराब झाली तर बरं दिसणार नाही. तिनं मला मध्येच थांबवलं. "लोक दार पाह्यतात अन् चाय पिऊन जातात. मले रात्रंदिवस आतूनच दिसते ते. ते गेले तवापासून या खोलीत दुसरं आहे काय पाह्यासारखं?" मी खडू घेतला, बाबा, आणि हॉलच्या बाजूवर खालच्या कोपऱ्यात 'वर' असं लिहून ठेवलं.

तरी मी लगेच कापलं नाही. आणखी दोनदा दुकानात गेले. चाळीस दातांचं एकदा लावून पाहू का, असं विचारलं. दुसऱ्या कंपनीचं आणखी पातळ येतं म्हणतात, ते मागवता येईल का, असंही विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दार कापून राह्यले का दाराचं ऑपरेशन?" मी म्हटलं, घाई कशाला. मग एका सकाळी मला जरा उशिरा जाग आली. हाक आली नव्हती. मी जाऊन दार उचललं तर आई आत, दाराला अगदी लागून, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी. किती वेळची उभी होती कोण जाणे. हाक का मारली नाहीस म्हटलं, तर म्हणाली, "रोज रोज कायले उठवू तुले," आणि माझ्याकडे न बघता मोरीकडे गेली.

त्याच दिवशी, शाळेत रजा टाकून, कापलं. या वेळी दुकानदार मशीन घेऊन स्वतः आला, कारण मॅडमवर त्याचा तेवढा विश्वास नव्हता. बिजागऱ्या सोडून दार दोन बाकांवर आडवं ठेवलं, आईची बाजू खाली. आधी खालच्या टोकावर कुठं खिळा दडलेला नाही ना ते लोहचुंबक फिरवून पाहिलं. रेघ मारली, सुरीनं रेघेवर तंतू चिरून घेतले, वर चिकटपट्टी लावली, एक सरळ पट्टी शिकंज्यांनी आवळून मशीनला वाट करून दिली. ब्लेड दाराच्या जाडीपेक्षा जेमतेम दातभरच खाली निघेल एवढंच सोडलं. मशीन पूर्ण वेगात आल्याशिवाय लाकडाला लावलं नाही, आणि लावल्यावर मध्ये थांबले नाही. बोंबलते खरी, बाबा. पण सागवानाचा वास तोच येतो. तो वास आला तेव्हा आई अंगणात खुर्चीवर बसलेली होती. तिनं पदर नाकाला लावला नाही, उलट मान वर केली. दार उलटवून पाहिलं तर तिची बाजू अशी की बोटाला काही लागेना. हॉलच्या बाजूला एका कोपऱ्यात तिळाएवढी कड उडाली होती. ती मी भुसा आणि डिंक कालवून भरली. पाहुण्यांना अजून सापडलेली नाही.

दार बसवलं. आईनं आतून ते काठीच्या टोकानं लोटलं, आणि ते गेलं. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा लोटलं. मग दुकानदाराला म्हणाली, चहा घेऊन जा, आणि काठी टेकत स्वयंपाकघराकडे स्वतः गेली. आम्ही दोघं त्या दाराकडे बघत उभे राहिलो, म्हणजे लोक जसे बघतात तसे, हॉलच्या बाजूनं.

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि आईला मी वाचून दाखवणार नाही, म्हणून लिहिते. ब्लेड पहिल्याच दिवशी ठरलं होतं. कोणती बाजू खाली, तेही ठरलं होतं. पुढच्या त्या दुकानाच्या फेऱ्या ब्लेडसाठी नव्हत्या. इतकी वर्षं तिनं मला सकाळी उठवलं नव्हतं. मी शाळेत शिकत होते तेव्हा उठवायची, त्यानंतर घड्याळच. ती हाक मला आणखी थोडे दिवस हवी होती. आता ती तिची तिची उठते, चहासुद्धा ठेवते. मी जागी असते बाबा, पण लगेच उठत नाही.