दहा येनची पाटी

प्रिय शुन्सुके,

वेळेवर जेवतोस ना, की पुन्हा विकतच्या भाताच्या गोळ्यांवरच दिवस ढकलतोस? इथे बर्फ वितळलं, पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. घडीघडी आपल्या दुकानाच्या दाराशी जाऊन येते. कारण तुझे बाबा. आठवडाभर ते रोज सकाळी दारावर एक पाटी लावतात आणि पहिलं गिऱ्हाईक दिसलं की काढून तोफूच्या पाण्याच्या टाकीमागे लपवतात.

पाटीवर इतकंच आहे : तोफूची वडी दहा येनने महाग होत आहे, मनापासून क्षमा असावी. तू जन्मलास तेव्हा ती ऐंशी येनला होती, आजही तेवढ्यालाच. सोयाबीन महागलं, गॅस महागला, आमचा भाव मात्र खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. बाबा म्हणतात, आधी समोरच्या नूडलवाल्याला वाढवू दे. तो म्हणतो, आधी तुम्ही. देशाच्या मुख्य बँकेचे साहेब वर्षानुवर्षं टीव्हीवर विनवतायत, भाव वाढू द्या, म्हणजे पगारही वाढतील. मी म्हटलं, "मग त्यांनाच बोलवा पाटी धरायला." बाबा हसले नाहीत.

शेजारच्या कुरामोतो आजींना मी हळूच सांगून टाकलं. या बाई संध्याकाळी माशावर निम्म्या किमतीची चिठ्ठी लागेपर्यंत सुपरमार्केटात ताटकळत उभ्या राहतात! वाटलं, चिडतील. तर म्हणाल्या, "एकदाचं सुचलं म्हणायचं! इतक्या स्वस्तात नेताना मलाच चोरट्यासारखं व्हायचं." बाबांना सांगितलं, तर म्हणे, "म्हातारी तोंडदेखलं बोलते."

सगळेच थांबलेत रे. लोक उद्या स्वस्त मिळेल म्हणून, तू आणि मियुकी पगार वाढेल म्हणून. लग्नाला काय तिचे केस पिकल्यावर उभे राहणार आहात? रागावू नकोस, बोलल्याशिवाय राहवत नाही. घर सोडलंस त्या दिवशी तू म्हणालास, "या भावात दोघांचंच पोट भरतं, तिसऱ्याचं नाही." बाबा म्हणाले, "मग तिसऱ्याने जावं." ते शब्द अजून माझ्या कानात आहेत, आणि त्यांच्याही असणार.

आता पत्राचं कारण. सोमवारी पाटी लावायची ती लावायचीच, असं ठरलंय. रीतीप्रमाणे दाराशी उभं राहून प्रत्येक गिऱ्हाइकापुढे कमरेत वाकायला हवं. काल मागच्या खोलीत बाबा सराव करत होते. वाकले ते वाकलेच, कंबर धरली. मी हात धरून उभं केलं. पण सोमवारी मी कढईपाशी असणार, सोयाचं दूध सोडून हलता येत नाही. आज त्यांनी दोन पांढरे एप्रन इस्त्री करून खुंटीला लावलेत. दुसरा कुणाचा विचारलं, तर तोंड फिरवून म्हणाले, "मला लांब होतो तो." रविवारच्या गाडीने ये. आल्यावर काही विचारू नकोस, फक्त तो एप्रन बांध आणि त्यांच्या शेजारी उभा राहा.

तुझीच,
आई